राजधानी गेली, कॅथेड्रल राहिले

पणजीहून मांडवीच्या काठाने रायबंदरमार्गे पूर्वेकडे निघाले, की नऊ-दहा किलोमीटरवर जुने गोवे लागते. रस्त्याच्या एका बाजूला बॉम जीझस बॅसिलिकेची तांबूस, उघड्या जांभ्या दगडाची वास्तू दिसते. दुसऱ्या बाजूला हिरवळीपलीकडे पांढऱ्या भिंतींचे से कॅथेड्रल उभे आहे. सहलीच्या बसगाड्यांतून उतरणारी गर्दी प्रथम बॅसिलिकेकडे वळते, कारण तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव आहे. कॅथेड्रलच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो. मंगेशी, मार्दोळ, शांतादुर्गा आणि नंतर जुने गोवे असा एका दिवसाचा कार्यक्रम आखून आलेल्या महाराष्ट्रातील पर्यटकांना तर पुढच्या समुद्रकिनाऱ्याची घाई असते.

वस्तुतः सोळाव्या-सतराव्या शतकांतील गोव्याचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर आधी कॅथेड्रलपाशी थांबले पाहिजे. सुमारे अडीचशे फूट लांब आणि १८१ फूट रुंद अशी ही इमारत आज ज्या गावात उभी आहे, त्या गावाला एवढ्या मोठ्या प्रार्थनामंदिराची गरज नाही. ती उभारली गेली एका राजधानीसाठी. मोझांबिकपासून मकावपर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज सत्तेचा कारभार जेथून चालत असे, त्या शहराचे ते मुख्य चर्च होते. इमारत पूर्ण होत असतानाच त्या शहराला उतरती कळा लागली. पुढे शहर जवळजवळ नाहीसे झाले आणि कॅथेड्रल तेवढे मागे राहिले.

'से' म्हणजे आसन

'से' हा पोर्तुगीज शब्द लॅटिनमधील 'सेदेस', म्हणजे आसन, या शब्दावरून आला. 'कॅथेड्रल' या शब्दाच्या मुळाशीही बिशपची खुर्ची असाच अर्थ आहे. एखादे चर्च कॅथेड्रल ठरते ते आकारामुळे किंवा वयामुळे नव्हे, तर बिशप वा आर्चबिशप यांचे अधिकृत आसन तेथे असते म्हणून. समोरच्या बॉम जीझसला १९४६ मध्ये बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. तो सन्मान आहे, धर्मप्रांताचे आसन नव्हे. गोवा आणि दमणच्या आर्चबिशपांचे निवासस्थान आज पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर असले, तरी त्यांचे आसन अद्याप जुन्या गोव्यातील याच इमारतीत आहे.

कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिन यांना अर्पण केलेले आहे. गोव्याशी त्यांचा संबंध जुळला तो तारखेमुळे. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क याने आदिलशाहीच्या ताब्यातील हे शहर प्रथम जिंकले, काही महिन्यांतच गमावले आणि २५ नोव्हेंबर रोजी पुन्हा जिंकून घेतले. तो दिवस संत कॅथरिन यांच्या सणाचा होता. विजयानंतर शहरातील मुस्लिम रहिवाशांची कत्तल करण्यात आली. तिचा उल्लेख अल्बुकर्कने आपल्या राजाला पाठविलेल्या पत्रातच आहे. त्याच सुमारास संत कॅथरिन यांच्या नावाने माती आणि गवताचे एक साधे प्रार्थनास्थळ उभे राहिले. कॅथेड्रलच्या इतिहासाची सुरुवात तेथून होते.

पुढील प्रगती वेगाने झाली. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी आपली आशियातील राजधानी कोचीहून गोव्याला हलविली. १५३४ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा दिला आणि संत कॅथरिन यांचे चर्च कॅथेड्रल झाले. १५५८ मध्ये गोवा महाधर्मप्रांत बनला. कोची आणि मलाक्का, नंतर मकाव आणि जपानमधील फुनाई येथील धर्मप्रांत त्याच्या छत्राखाली आले. वसई, ठाणे, मुंबई या भागांतील ख्रिस्ती समाजही त्या काळी गोव्याच्याच आर्चबिशपांच्या अधिकारात होता. वसईतील जुन्या चर्चच्या इतिहासात गोव्याचे नाव सतत येते, त्याचे हे कारण. एवढ्या विस्तृत प्रदेशाच्या धर्मपीठाला जुनी इमारत अपुरी वाटू लागली यात नवल नाही.

आठ वर्षांच्या राजाचा संकल्प

कॅथेड्रलच्या मुख्य दरवाजावरील लॅटिन शिलालेखानुसार, राजा दों सेबास्तियांव याच्या कारकिर्दीत, १५६२ मध्ये, हे कॅथेड्रल बांधण्याची आज्ञा झाली आणि त्यानंतरच्या राजांनी राजकोशातील खर्चाने काम पुढे चालविले. शिलालेखात न सांगितलेली गोष्ट अशी, की १५६२ मध्ये राजा आठ वर्षांचा होता आणि कारभार पालकांच्या हाती होता. हाच राजा पुढे १५७८ मध्ये मोरोक्कोतील अल्कासेर किबीरच्या लढाईत वयाच्या चोविसाव्या वर्षी मारला गेला. त्याला वारस नव्हता. दोनच वर्षांत पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेले. 'त्यानंतरचे राजे' या मोघम शब्दांमागे एवढी उलथापालथ दडली आहे. जुन्या गोव्यात बांधलेल्या इमारतीचा खर्च बराच काळ माद्रिदच्या संमतीवर अवलंबून होता.

मुख्य इमारतीचे काम १६१९ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे आरंभापासून ५७ वर्षांनी. १६४० मध्ये कॅथेड्रलची विधिवत प्रतिष्ठापना झाली आणि आतील वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. हिशेब केला तर नव्वद वर्षे होतात. तीन पिढ्यांनी हे काम पाहिले. वास्तुरचनेचे श्रेय प्रामुख्याने झुलियो सिमांव आणि आंतोनियो आर्गेयरुश यांना दिले जाते. सिमांव हा पोर्तुगीज भारताचा मुख्य अभियंता होता. मांडवीच्या धक्क्यावरून शहरात शिरताना लागणारी विजरईची कमान ही त्याचीच रचना मानली जाते.

याच काळात गोव्यात आणखी काय चालले होते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. तिसवाडी बेटावरील मंदिरे १५४० च्या सुमारास पाडली गेली होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. त्याच दशकात सासष्टीतील मंदिरांवर संकट आले आणि कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा या दैवतांना भाविकांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर, आजच्या फोंडा तालुक्यात नेले. सहलीच्या कार्यक्रमात सकाळी पाहिलेली मंगेशी आणि दुपारी पाहिलेले से कॅथेड्रल यांचा इतिहास असा एकाच दशकात एकत्र येतो. मार्गदर्शक बहुधा ही दोन्ही स्थळे वेगवेगळ्या गोष्टी म्हणून सांगतात. एका ठिकाणी पाया खणला जात होता आणि काही कोसांवरच्या गावांतून लोक रात्रीच्या वेळी नदी ओलांडून देव पलीकडे नेत होते, हे एकत्र सांगितल्याशिवाय दोन्हींपैकी कोणतीही गोष्ट पूर्ण होत नाही.

इमारतीची रचना

कॅथेड्रल उंच जोत्यावर उभे असून त्याचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे. जोत्यापासून दर्शनी भिंतीच्या माथ्यापर्यंतची उंची ११६ फूट, म्हणजे पस्तीस मीटरहून थोडी अधिक आहे. बाह्यरूप साधे, भारदस्त आणि काहीसे कोरडे आहे. बाहेरील रचनेसाठी टस्कन शैली, तर आतील खांब आणि सजावटीसाठी कोरिंथियन शैली वापरली आहे. टस्कन शैलीचा खांब नक्षीविरहित असतो. कोरिंथियन खांबाच्या माथ्यावर पानांची नक्षी असते. बाहेर संयम आणि आत श्रीमंती अशी ही विभागणी आहे. युरोपात सोळाव्या शतकात प्राचीन रोमन वास्तुकलेचे नियम पुन्हा रूढ झाले. त्या नियमांच्या चौकटीत आशियात बांधलेल्या सुरुवातीच्या मोठ्या इमारतींमध्ये या कॅथेड्रलची गणना करावी लागेल.

आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती लांबीची. मधला प्रशस्त भाग आणि दोन्ही बाजूंचे दोन लांब पट्टे अशी तीन भागांची रचना असून पुढे आडवा भाग छेदून जातो, त्यामुळे एकूण आराखडा क्रुसाच्या आकाराचा होतो. मधल्या भागाचे छत अर्धवर्तुळाकार, सलग कमानीचे आहे. जेथे उभा आणि आडवा भाग मिळतो तेथील छत फासळ्यांसारख्या कमानींवर तोललेले आहे. हे सारे वजन जाडजूड खांबांनी पेलले आहे. उजव्या बाजूच्या दोन खांबांना प्रवचनासाठी व्यासपीठे जोडलेली आहेत, आणि वर एका सज्जात अठराव्या शतकातील ऑर्गन आहे.

प्रवेशद्वाराजवळ उजवीकडे बाप्तिस्म्याचे कुंड आहे. ते १५३२ मधील आहे, म्हणजे सध्याच्या इमारतीहून तीस वर्षांनी जुने. ते जुन्या कॅथेड्रलमधून येथे आणले असावे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. त्यांनी याच कुंडातील पाण्याने अनेकांना बाप्तिस्मा दिला, अशी श्रद्धा आहे. झेवियर १५५२ मध्येच निवर्तले. त्यांनी आजचे कॅथेड्रल पाहिले नाही. त्यांच्या नावाशी जोडलेली जी वस्तू येथे कायम आहे, ती हे कुंड.

मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार लहान प्रार्थनागृहे आहेत. त्यांपैकी दोन प्रार्थनागृहांच्या तोंडाशी कोरीव लाकडी जाळ्या बसविलेल्या आहेत. पवित्र साक्रामेंताचे प्रार्थनागृह आणि चमत्कारी क्रुसाचे प्रार्थनागृह ही ती दोन. ज्यांना फक्त दहा मिनिटे आहेत, त्यांनी निदान या जाळ्यांपाशी थांबावे. विषय ख्रिस्ती, आराखडा युरोपीय, पण लाकडावर चालणारा हात येथल्या सुताराचा. गोव्यातील चर्चच्या कोरीव कामाविषयी जे नेहमी म्हटले जाते ते येथे प्रत्यक्ष दिसते. चमत्कारी क्रूस मूळचा जवळच्या बोआ व्हिस्ता टेकडीवरचा. १६१९ मध्ये त्यावर येशू ख्रिस्ताचे दर्शन घडले, असे सांगितले जाते. हा क्रूस वाढत आहे अशीही भाविकांची समजूत आहे.

सर्वांत आतल्या बाजूला, पश्चिमेकडे, संत कॅथरिन यांची मुख्य वेदी आहे. वेदीमागील लाकडी मखर सोन्याच्या वर्खाने मढविलेले असून, त्यावरील सहा मोठ्या फलकांवर संत कॅथरिन यांच्या जीवनातील आणि हौतात्म्यातील प्रसंग कोरले आहेत. बाहेरच्या पांढऱ्या भिंतींवरून आतल्या या झळाळीची कल्पना येत नाही. सकाळच्या वेळी पूर्वेचे मोठे दरवाजे उघडे असताना प्रकाश लांबवर आत जातो. तेव्हा हे मखर पाहावे.

एक मनोरा आणि सोन्याची घंटा

दर्शनी भाग पाहताना प्रत्येकाला एक प्रश्न पडतो. इमारत डावीकडे उंच आणि उजवीकडे तुटल्यासारखी का? मूळ रचनेत दोन मनोरे होते. १७७६ मध्ये वीज पडून उत्तरेकडील मनोरा कोसळला. तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. छायाचित्रांतून एकच मनोरा पाहून तो मुद्दाम तसा ठेवला असावा, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक समतोल हाच ज्या शैलीचा प्राण, त्या शैलीतील ही इमारत आहे, आणि अडीचशे वर्षे ती असमतोल उभी आहे.

मनोरा पुन्हा का बांधला गेला नाही, याचे उत्तर इमारतीत नाही, शहरात आहे. ते पुढे येईल.

उरलेल्या दक्षिण मनोऱ्यात प्रसिद्ध 'सोन्याची घंटा' आहे. ती सोन्याची नाही. तिच्या खणखणीत, गोड नादामुळे हे नाव पडले. गोव्यातील सर्वांत मोठ्या घंटांमध्ये तिची गणना होते. इन्क्विझिशनच्या शिक्षांची जाहीर घोषणा ज्या समारंभात होई त्याला 'आवतो द फे' म्हणत. त्या दिवशी कॅथेड्रलची घंटा वाजविली जात असे. धर्मन्यायालयाचा वाडा कॅथेड्रलजवळच, चौकाच्या कडेला होता. पूर्वी तो आदिलशाही सुभेदाराचा वाडा होता. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य या वाड्यात कैदी होता. जानेवारी १६७६ मध्ये इतर कैद्यांसोबत त्याचीही मिरवणूक काढून शिक्षा सुनावण्यात आली. सुटका होऊन युरोपात परतल्यावर त्याने १६८७ मध्ये या अनुभवांवर पुस्तक प्रसिद्ध केले. गोव्यातील इन्क्विझिशनविषयी युरोपला जे कळले त्यातील बराच भाग त्याच्या पुस्तकातून. १७७४ ते १७७८ एवढा खंड वगळता हे न्यायालय १८१२ पर्यंत चालू होते. त्याचा वाडा एकोणिसाव्या शतकात पाडला गेला आणि आज त्याची भिंतही शिल्लक नाही. कॅथेड्रलसमोरच्या हिरवळीवर त्याची माहिती शोधणाऱ्या पर्यटकाला बरेच विचारावे लागते.

पोर्तुगीज घंटांचा मराठी मुलखाशीही जुना संबंध आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चमधील अनेक घंटा विजयचिन्ह म्हणून मराठी मुलखात आणल्या गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा, भीमाशंकरची घंटा ही त्यांची परिचित उदाहरणे. उत्तर कोकणातील पोर्तुगीज घंटा अशा पांगल्या. गोव्याच्या घंटा जागेवर राहिल्या. त्याही जाण्याची वेळ एकदा जवळ आली होती. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने राजधानीलगतचे जुवे बेट घेतले. शहराच्या उंबरठ्यावर मराठे आले, तेव्हा विजरई काउंट ऑफ आल्व्हर याने बॉम जीझसमध्ये जाऊन झेवियर यांची शवपेटी उघडविली आणि आपला राजदंड संताच्या हाती सोपवून शहर वाचविण्याची प्रार्थना केली. मुघल शहजादा शाहआलम घाट उतरून कोकणात आल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावे लागले. गोव्यात अनेक पिढ्या याचे श्रेय संताला देत आल्या.

शहर रिकामे होते

जुन्या गोव्याची लोकसंख्या भरभराटीच्या काळात दोन लाख होती, असे सर्रास छापले जाते. हा आकडा जपूनच घेतलेला बरा. शहर मोठे आणि श्रीमंत होते याविषयी मात्र शंका नाही. गोवा पाहिला त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, अशी पोर्तुगीजांत म्हण होती.

या वैभवाला ओहोटी लागण्याची दोन मुख्य कारणे होती. पहिले व्यापाराचे. सतराव्या शतकाच्या आरंभापासून डचांनी मसाल्याच्या व्यापारावर पकड बसविली, गोव्याच्या बंदराची नाकेबंदी केली आणि १६४१ मध्ये मलाक्का हिरावून घेतले. कॅथेड्रलची प्रतिष्ठापना झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. दुसरे कारण आरोग्याचे होते. सखल, दाट वस्तीचे शहर, सांडपाणी मुरलेल्या विहिरी, हिवताप आणि पटकीच्या साथी यांमुळे सधन लोक बाहेर पडू लागले. १६३३-३४ मध्ये काउंट ऑफ लिन्यारिश या विजरईने बांधलेला रायबंदर-पणजी बांध आजही वापरात आहे. त्याच दिशेने हळूहळू राजधानी सरकत गेली. १६९५ मध्ये विजरईंनी आपले निवासस्थान पणेली येथे हलविले आणि १७५९ मध्ये ते पणजीच्या आदिलशाही वाड्यात गेले. १६९५ मध्ये शहरात सुमारे वीस हजार लोक होते. १७७५ मध्ये ते सोळाशेच्या आसपास उरले, अशी नोंद आहे.

पडलेल्या मनोऱ्याचे उत्तर येथे मिळते. सोळाशे वस्तीच्या गावात १७७६ मध्ये मनोरा कोसळला, तेव्हा तो पुन्हा उभारण्याची निकड कोणाला वाटणार? योगायोग असा, की त्याच दशकात पोर्तुगालचा मुख्यमंत्री पोंबाल याने जुनी राजधानी पुन्हा वसविण्याची योजना आखली होती. काम सुरूही झाले. पण कामावरील मजूर रोगराईने मरू लागले आणि योजना सोडून द्यावी लागली. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा अधिकृतपणे मिळाला. जुन्या शहरातील पडक्या वाड्यांचा दगड नव्या राजधानीच्या बांधकामासाठी वाहून नेण्यात आला.

हेच का टिकले?

एवढे शहर लयाला गेले, तर कॅथेड्रल कसे टिकले? देवाची कृपा हे उत्तर श्रद्धाळूंचे. इतिहासात आणखी एक कारण सापडते आणि ते कमी सांगितले जाते. जुन्या गोव्यातील बहुतेक मोठी चर्च आणि मठ ऑगस्टिनियन, डोमिनिकन, फ्रान्सिस्कन अशा संन्यासी संघांच्या मालकीचे होते. पोर्तुगालमधील उदारमतवादी सरकारने हे संघ बरखास्त केले. त्याची अंमलबजावणी गोव्यात १८३५ मध्ये झाली. मठ रिकामे झाले, छपरे शाकारणारे कोणी उरले नाही. ऑगस्टिनियन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि त्याच्या उंच मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. आज तेथे जांभ्याचा एक एकाकी सुळका तेवढा उभा आहे. कॅथेड्रल मात्र कोणत्याही संघाचे नव्हते. ते आर्चबिशपांचे आसन होते आणि त्याच्या नित्य उपासनेसाठी नेमलेल्या धर्मगुरूंचे मंडळ कायम राहिले. गाव ओस पडले तरी येथे घंटा वाजत होती, म्हणून छप्परही दुरुस्त होत होते.

दुसरे कारण गिलाव्याचे. गोव्यातील चर्च जांभ्याची आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो, पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात उघडा जांभा फार काळ तग धरत नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी त्यावर चुन्याचा जाड गिलावा दिला आणि दर काही वर्षांनी चुना लावण्याची प्रथा ठेवली. चुना पाऊस अडवतो आणि भिंतीतील ओल बाहेरही सोडतो. सिमेंटला हे दुसरे काम जमत नाही. बॉम जीझसच्या दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी वसईहून काळा दगड आणला गेला होता, पण त्याच्याही मुख्य भिंती जांभ्याच्याच आहेत. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीने वास्तू 'प्राचीन' दिसावी म्हणून तिचा गिलावा खरवडून काढला. तेव्हापासून तिचा दगड झिजत आहे, आणि २०२० मध्ये तेथील धर्मगुरूंनी गिलावा पुन्हा देण्याची मागणी जाहीरपणे केली होती. पर्यटकांना मात्र तांबडी बॅसिलिका अस्सल आणि पांढरे कॅथेड्रल 'नव्याने रंगविलेले' वाटते. खरे तर जुन्या गोव्याचे मूळ रूप पांढरेच होते. रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या या दोन इमारती म्हणजे गिलावा ठेवला तर काय होते आणि काढला तर काय होते, याचा सत्तर वर्षे चाललेला प्रयोगच आहे.

१९६१ मधील गोवामुक्तीनंतर या वास्तूंची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आली. कॅथेड्रलमागे असलेल्या संत फ्रान्सिस यांच्या मठात खात्याचे संग्रहालय आहे. गोव्यातील चर्च आणि मठांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८६ मध्ये समावेश झाला. त्याआधी बरोबर शंभर वर्षे, १८८६ मध्ये, गोव्याच्या आर्चबिशपांना 'पूर्वेकडील प्रदेशांचे पॅट्रिआर्क' ही पदवी मिळाली होती. जपानपर्यंतचा अधिकार केव्हाच संपला होता. पदवीत त्याची आठवण उरली. आजचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव यांना २०२२ मध्ये कार्डिनलपद मिळाले.

दर दहा वर्षांनी कॅथेड्रलला काही आठवडे राजधानीच्या काळातील गर्दी लाभते. संत झेवियर यांचे शव मिरवणुकीने बॉम जीझसमधून कॅथेड्रलमध्ये आणले जाते आणि भाविकांना जवळून दर्शन घेता येते. एवढा जनसमुदाय रांगेने आत घेऊन बाहेर सोडण्याइतकी जागा जुन्या गोव्यात याच इमारतीत आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात असे अठरावे शवप्रदर्शन झाले. देशोदेशींचे यात्रेकरू त्यात होते, त्याचबरोबर बेळगाव, सिंधुदुर्ग, वसई येथून आलेले भाविकही होते. समारोपानंतर शवपेटी पुन्हा रस्त्यापलीकडे बॉम जीझसमध्ये नेण्यात आली. पुढील प्रदर्शन प्रथेप्रमाणे २०३४ मध्ये अपेक्षित आहे.